डेमोच आहे की!

निपाणी, खानापूर, चिक्कोडी, कुठल्याही कॉलेजच्या पोरांचा प्रश्न एकच: "सर, डेमोच आहे की. चार ओळींच्या पुल रिक्वेस्टचं एवढं काय तपासता? घ्या की मर्ज करून!" पुल रिक्वेस्ट म्हणजे कोडमध्ये बदल सुचवणारी विनंती, मर्ज म्हणजे तो बदल मूळ कोडमध्ये घेणं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आमच्या रेपोतलं (सामाईक कोडसाठ्यातलं) मराठी-कन्नड बस-वेळापत्रक नमुन्याचं आहे, त्यावर कुणी गाडी पकडत नाही. पण डेमोचा कोड उचलतात सगळे. फोर्क करायचं (स्वतःची प्रत काढायची), नाव बदलायचं, प्रोजेक्ट म्हणून सबमिट करायचं. एकदा शिरलेली चूक मूळ रेपोत दुरुस्त केली तरी फोर्कमध्ये तशीच राहते.

परत पाठवलेल्या बहुतेक रिक्वेस्टची कारणं किरकोळ असतात. बदल तीन ओळींचा आणि डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवतात तिथे) अख्खी फाइल लाल-हिरवी, कारण विंडोजवरच्या एडिटरने ओळीच्या शेवटची खूण बदललेली असते. गिटॲट्रिब्यूट्स या सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेक्स्ट=ऑटो' लिहा, फायली एकदा रीनॉर्मलाइज करा (त्या खुणा एकसारख्या करून घ्या), संपलं. दुसरं, गावाचं नाव आयडी म्हणून वापरू नका. मराठीत बेळगाव, कन्नडमध्ये बेळगावी, आणि इंग्रजी नाव तर २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदललं. आयडी आकडाच ठेवा, म्हणजे नावाचा वाद निदान डेटाबेसमध्ये तरी शिरत नाही.

आता खरं दुखणं. 'फेऱ्या' हा शब्द. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J ची कळ दाबली की ऱ येतो, युनिकोडमध्ये यू+०९३१. पुढे हलन्त, य आणि काना. फ आणि मात्रा धरून सहा कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक), यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत १८ बाइट. दुसरीकडून आलेल्या मजकुरात तोच शब्द 'फेर्‍या' असतो: साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, यू+२००डी. सात कोडपॉइंट, २१ बाइट. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधात एक सापडतो, दुसरा नाही. र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असं तिसरं रूपही आहे. ते एनएफसी (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची पद्धत) केल्यावर ऱ होतं, पण जोडकवाल्या रूपाला एनएफसी हात लावत नाही.

यावर दुरुस्तीचा एक पॅच आला. मजकूर साफ करणाऱ्या सामाईक फंक्शनमध्ये एकच ओळ: शून्य रुंदीची सगळी चिन्हं (जोडक त्यातलाच) काढून टाका. टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. मीच मर्ज केला. चार ओळींचं काय तपासायचं, असं तेव्हा मलाही वाटत होतं. टेस्टमधल्या सगळ्या नोंदी जोडकवाल्या होत्या. शोधाचा शब्दही त्याच चाळणीतून जायचा, म्हणून जुळला. पडद्यावर मात्र 'फेर्या' उमटलं, रफार य च्या डोक्यावर. कन्नडची अवस्था त्याहून वाईट. तिथे 'रॅली', 'रँक' लिहिताना जोडक र आणि हलन्ताच्या मध्ये येतो. तो गेला की र आपली जागा सोडून अर्कावत्तू (कन्नडमधला रफार) होऊन य च्या मागे जातो. शब्द वाचता येत नाही. मराठीची दुरुस्ती करताना शेजारची भाषा मोडली, आणि आमच्या भागात ही चूक निव्वळ तांत्रिक राहत नाही.

योग्य बदलही एकाच ओळीचा होता: र, हलन्त, जोडक हा क्रम सापडेल तिथे ऱ आणि हलन्त घाला, तेही फक्त मराठी फाइलमध्ये. मग एनएफसी. टेस्टमध्ये तिन्ही रूपं एकमेकांशी जुळली पाहिजेत आणि कन्नड 'रॅली'चा एक बाइटही हलता कामा नये. भाषेच्या फाइलला हात लावणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टवर ही टेस्ट मी मागतो. तुम्ही जिला कटकट म्हणता, ती हीच.

तरी माझंच बरोबर, असं म्हणणार नाही. साठवलेला मजकूरच बदलायचा की फक्त शोधाच्या वेळी रूपं जुळवायची? पूर्वी मी बिनधास्त बदलायचो. कन्नड बाजू पाहणारे म्हणतात, लोकांनी लिहिलेलं तसंच ठेवा, दुरुस्ती शोधात करा. तत्त्व म्हणून पटतं. पण डेमो उचलणारा शोधाचं फंक्शन न घेता नुसती डेटाची फाइल नेतो, हेही पाहिलंय. त्यावरची रिक्वेस्ट अजून उघडी आहे. मर्जही होत नाही, बंदही करवत नाही.