पस्तीसच्या पाटीखालची गोल्फ कार्ट

सहा सीटची गोल्फ कार्ट, बाजूंनी उघडी, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी. शेवटची सीट पाठमोरी. तिच्यावर दोन मुलं, वाळूने माखलेले पाय हवेत. मागे एक पिकअप, आणि तिची पुढची जाळी बरोबर मुलांच्या तोंडासमोर. तिच्यामागे मोटारींची लांब रांग. धाकटं पोर पिकअपवाल्याला हात हलवत होतं. त्यानेही हलवला, माणूस भला होता, अंतर राखून चालला होता. पण पोराच्या आणि त्या जाळीच्या मध्ये मोकळ्या हवेखेरीज काहीही नव्हतं.

फ्लोरिडाच्या वायव्य किनाऱ्यावरचे आमचे चार दिवस पांढरीशुभ्र वाळू, गर्दी आणि पार्किंगच्या शोधात गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. डोक्यातून जात नाही ती ही कार्ट.

वॉल्टन काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) 30-ए हा दुपदरी रस्ता यूएस 98 या हमरस्त्यापासून फुटतो, समुद्राच्या कडेकडेने साधारण 24 मैल (39 किलोमीटर) जातो आणि पुन्हा त्यालाच येऊन मिळतो. 1981 मध्ये वसवायला घेतलेलं सीसाइड हे त्यावरचं सर्वांत नावाजलेलं गाव. माणसांनी पायी फिरावं म्हणून गल्ल्या मुद्दाम अरुंद आखलेल्या. अशा गल्लीत कार्ट शोभते, हे मी आधीच कबूल करते. आवाज नाही, धूर नाही, लावायला जागा कमी लागते, आणि चालवणारा माणूस काचेआड नसल्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्याच्या नजरेला नजर देतो. मोटारीतून कुणी ‘या, पुढे जा’ अशी मान हलवल्याचं मला आठवत नाही. कार्टवाले दर दहा पावलांवर हलवतात.

गाव संपलं की बऱ्याच पट्ट्यांत पाटी येते 35 मैलांची, म्हणजे ताशी 56 किलोमीटर. रस्त्याला लागून टिमपूची ट्रेल नावाची सायकलवाट आहे, पण तिच्यावर कार्टला बंदी. राहिली जागा एकच: मोटारींची ओळ. माझं भांडण या पस्तीसच्या पाटीशी आहे.

भाड्याच्या दुकानासमोर ओळीने उभ्या असलेल्या गाड्या दिसायला सारख्याच असतात, कायद्याच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या जाती आहेत. फ्लोरिडात ‘गोल्फ कार्ट’ म्हणजे गोल्फच्या मैदानासाठी बनवलेली, ताशी 20 मैलांच्या वर न जाऊ शकणारी गाडी. काउंटीने किंवा गावाने जे रस्ते ठरवून पाट्या लावल्या असतील त्यांवरच ती चालते, आणि स्थानिक परवानगी नसेल तर फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. दुसरी जात ‘लो-स्पीड व्हेइकल’, एलएसव्ही. ती 20 च्या वर पण 25 मैलांच्या आत धावते. तिला नंबरप्लेट, विमा, चालवणाऱ्याला लायसन्स, आणि 35 पर्यंतच्या पाटीचा रस्ता मोकळा. गोल्फ कार्ट चालवायला पूर्वी तिथे वयाची 14 वर्षं पुरत. 1 ऑक्टोबर 2023 पासून अठरा वर्षांखालच्यांना निदान शिकाऊ परवाना तरी लागतो. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

एलएसव्हीची व्याख्या देशभर एकच, 1998 च्या केंद्रीय मानकातली. हेडलाइट, पुढचे-मागचे इंडिकेटर, टेललाइट, ब्रेकलाइट, दोन्ही बाजूंना आणि मागे लाल रिफ्लेक्टर, आरसे, पार्किंग ब्रेक, ठरावीक दर्जाची पुढची काच, सतरा अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, आणि प्रत्येक सीटला पट्टा. यादी लांबलचक वाटते. तिच्यात काय नाही ते बघा. धडकेची चाचणी नाही. एअरबॅग नाही. दरवाजा नाही. चालू गाडी किती अंतरात थांबली पाहिजे याचाही आकडा नाही; ब्रेकचं म्हणून जे मागितलंय ते फक्त पार्किंगचं.

गोल्फ कार्टची एलएसव्ही करून देणारेही भेटतात, आणि गोंधळ तिथेच होतो. लाइटचा संच बसवला, आरसे लावले, मोटरचा वेग ठरवणारा कंट्रोलर नव्याने प्रोग्रॅम करून वेग 20 च्या वर नेला, पण जुनी साधी अ‍ॅक्रिलिकची काच तशीच ठेवली, मागच्या सीटचे पट्टे राहिले, आणि नोंदणीसाठी गाडी तपासून घेतलीच नाही. अशी गाडी धड इकडची नाही, धड तिकडची नाही. गोल्फ कार्ट म्हणावी तर वेग जास्त, एलएसव्ही म्हणावी तर कागद नाहीत. भाड्याने घेताना रंग आणि स्पीकर बघू नका. व्हीआयएनची पट्टी, नंबरप्लेट आणि पट्टे बघा, आणि प्रत्येक पट्टा एकदा लावून बघा. वाळू शिरलेलं बक्कल ‘टिक’ वाजतं आणि ओढलं की सुटतं.

आता पस्तीसचा हिशेब. कार्ट 20 वर, मागची मोटार 35 वर. फरक 15 मैलांचा, म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसात मीटर. तीस मीटरचं अंतर साडेचार सेकंदांत संपतं, आणि त्यातले पहिले दोन तर मागच्याला समोरची गाडी इतकी हळू चालली आहे हे कळण्यातच जातात. तोच रस्ता 25 चा असेल तर फरक पाच मैलांचा आणि वेळ साडेतेरा सेकंद. कार्ट तीच, चालवणारा तोच. पाटी बदलली की वेळ तिप्पट. म्हणून माझं मत सरळ आहे: 25 च्या रस्त्यावर कार्ट हवीच, 35 च्या रस्त्यावर, कायदा काहीही म्हणो, नको. पस्तीसच्या पट्ट्यावर कार्टवाला घाबरून कडेला सरकतो, मग मागच्याला वाटतं जागा झाली, आणि दुहेरी पिवळ्या पट्टीवरून ओव्हरटेक सुरू होतं. मला सर्वांत जास्त चीड आली ती याची.

वळणाचाही हिशेब सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. 20 च्या वेगाने दहा मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर बसलेल्या माणसाला बाहेर ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या 80 टक्क्यांच्या आसपास जातो. वेग निम्मा केला की जोर चौथा हिस्सा, 20 टक्के. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून डावं वळण झटक्यात घेतलं की उजवीकडचा माणूस बाहेरच्या बाजूला जातो, आणि त्याला अडवायला कमरेपाशी एवढीशी वाकवलेली नळी. पाठमोऱ्या सीटवरच्याची तऱ्हा आणखी वेगळी: गाडी एकदम सुटली तरी तो तोंडावर रस्त्यात पडू शकतो. पट्टा नसेल तर सगळी भिस्त हाताच्या पकडीवर, आणि त्या हातात बहुधा आइस्क्रीम असतं.

बऱ्याच साध्या कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. डांबरावर उडून आलेल्या वाळूच्या थरावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात आणि शेपूट आडवं फिरतं. वळणाआधी, सरळ असतानाच वेग उतरवायचा. उंचीसाठी लिफ्ट किट आणि मोठी चाकं लावलेली कार्ट फोटोत रुबाबदार दिसते, पण गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. मी असते तर तिला हात लावला नसता.

माझ्या पंचवीसच्या मताला एक मोठं भोकही आहे, ते लपवत नाही. दक्षिण कॅरोलायनातल्या फॉली बीच या बेटावरच्या गावात एप्रिल 2023 मध्ये लग्नसमारंभातून निघालेल्या नवरा-नवरीच्या कार्टला मागून एका मोटारीने उडवलं. नवरी जागीच गेली. रस्ता 25 चाच होता आणि कार्टला दिवे होते. मोटार चालवणारी दारूच्या नशेत, वेग 65. अशा वेळी पाटीवर कोणता आकडा आहे याने काहीच फरक पडत नाही. रात्री कार्ट रस्त्यावर असावी का, या प्रश्नावर मी तेव्हापासून ‘नाही’ म्हणते, दिवे असले तरी.

दिव्यांवरून आठवलं. कार्टचा बॅटरी संच बहुतेकदा 48 व्होल्टचा, बऱ्याचदा आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांचा. दिव्यांना लागतात 12. त्यासाठी 48 चे 12 करणारा रिड्यूसर बसवायचा असतो. तो वाचवायला काही जण सहापैकी दोनच बॅटऱ्यांवरून तारा काढतात. त्या दोन रोज जास्त उतरतात, चार्जर मात्र सहाही सारख्या समजून चार्ज करतो, आणि काही महिन्यांत त्या दोघी अख्खा संच खाली ओढतात. संध्याकाळी दिवे लावले की गाडी मरगळते, ती बऱ्याचदा यामुळे. सीट उचलून बघा: टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर असेल तर देखभाल नाही. खाऱ्या हवेत तो लवकर धरतो. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन निघतो. पाणी डिस्टिल्डच, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर घालायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्ल उतू जातं आणि लोखंडी चौकट खातं. चार्जचा काटा उभ्या गाडीत वाचावा, चालताना तो उगाच खाली दिसतो.

कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटावरच्या अ‍ॅव्हलॉनमध्ये मोटार आणायला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी आहे, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या बॉल्ड हेड बेटावर तर फेरीबोटीने फक्त माणसं जातात, मोटार जातच नाही. तिथे कार्ट हेच मुख्य वाहन, आणि भांडण जवळजवळ नाहीच, कारण मागे पिकअप सहसा नसते. 30-ए वर ती आहे.

राहिली ती पाठमोरी सीट. बऱ्याच कार्टमध्ये तिची गादी पुढे ओढून उलटवता येते. खालची फळी वर येऊन सपाट पाटा होतो. आम्ही आमच्या कार्टमधली उलटवली, आइसबॉक्स आणि खुर्च्या वर ठेवून दोरीने आवळल्या, आणि मुलांना मधल्या सीटवर, पट्ट्यात बसवलं. पोरं दिवसभर रुसली होती.