स्क्रीन गोठली, कीर्तन चालूच

परभणीतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात आज कॉम्प्युटर तीनदा गोठला. लग्नपत्रिका अर्धवट, माऊस जागच्या जागी, स्पीकरवरचं कीर्तन मात्र चालूच! म्हणजे मशीन जिवंत होतं, अडकलं होतं ते ग्राफिक्स.

काल रात्रीच लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, अपग्रेड केला होता. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडला, तर दोन तास काही त्रास नाही. जुना कर्नल कधी काढून टाकू नका रे, त्यानंच आज लाज राखली.

मग जर्नलसीटीएल या कमांडनं सिस्टीमच्या नोंदी काढून वाचत बसलो. नव्या कर्नलचे हेडर्सच (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फायली) टाकलेले नव्हते, म्हणून ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, त्याच्यासाठी बनलंच नाही. हेडर्स टाकले, प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बनवून देणाऱ्या डीकेएमएसनं ते नव्यानं बनवलं.

नवरीचे वडील दुपारपासून बाकावर बसून होते. सहा वाजता पत्रिका हातात दिली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.