आप्पा : आमचे सहायक प्रशिक्षक

भुसावळात फुटबॉल रुजला तो रेल्वे वसाहतीच्या मैदानांवर, आणि आपल्या महाविद्यालयाचा संघही बराचसा त्याच मैदानांवरून आला. माझ्या वेळच्या संघात रेल्वे कर्मचाऱ्यांची मुले होती, आयुध निर्माणीतल्या कामगारांची होती, दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतली होती आणि यावल-रावेरकडून रोज एस.टी.ने येणारी शेतकऱ्यांचीही होती. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती आणि विद्यापीठाच्या संघात आपल्याकडचा एखादा मुलगा निवडला गेला तर त्याचे केवढे कौतुक होत असे. नव्या विद्यापीठामुळे ते दार आमच्यासाठी उघडले. 1992च्या हंगामात आपल्या महाविद्यालयाने आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा जिंकली आणि आमच्यापैकी काही जण विद्यापीठाच्या संघात गेले. त्या यशाबद्दल कर्णधाराचे, गोल करणाऱ्यांचे आणि क्रीडासंचालक सरांचे कौतुक त्या वेळीच झाले, ते योग्यही होते. सहायक प्रशिक्षकांविषयी मात्र कोणी सविस्तर लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून महाविद्यालयाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी केवळ त्यांच्याविषयी लिहीत आहे.

सारे मैदान त्यांना आप्पा म्हणत असे. ते मूळचे अमळनेरकडचे, रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि तरुणपणी रेल्वेच्या संघातून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलेले होते. रात्रपाळी असली की शेडमधून सुटून ते थेट मैदानावर येत. हाताला ग्रीसचा वास तसाच असे. क्रीडासंचालक सरांकडे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा असे सगळेच खेळ होते. शिवाय प्रवेशपात्रतेचे अर्ज, प्रवासखर्चाची मंजुरी, गणवेश, मैदानाची देखभाल हेही त्यांनाच पाहावे लागे. एकट्या माणसाने हे सगळे सांभाळून फुटबॉलच्या बारकाव्यांत शिरणे शक्य नव्हते, आणि हे ओळखून सरांनीच आप्पांना बोलावून आणले. हा सरांचा मोठेपणा होता आणि आप्पा तो कधी विसरले नाहीत. महाविद्यालयाच्या दफ्तरी मात्र सहायक प्रशिक्षक असे पद नव्हते. स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेत प्रशिक्षक आणि संघव्यवस्थापक अशा दोनच जागा असत, त्यामुळे आप्पांचे नाव एखाद्या वर्षी संघव्यवस्थापक म्हणून लागे आणि एखाद्या वर्षी लागतच नसे.

त्यांनी पहिले लक्ष घातले ते गोलरक्षकाकडे. आमचा गोली उंच आणि धाडसी होता, परंतु तो गोलरेषा सोडत नसे. आप्पांनी एके दिवशी शेडमधून जाडसर दोरी आणली. तिची दोन टोके दोन्ही खांबांना बुंध्याशी बांधली आणि मध्यभाग पेनल्टीच्या ठिपक्यावर खुंटी ठोकून तिला अडकवला. जमिनीवर दोरीचा त्रिकोण तयार झाला. मग गोलीला गोलरेषेवर उभे करून त्यांनी विचारले, किती जागा राखायची आहे? 7.32 मीटर. त्याला त्रिकोणाच्या आत पुढे चालायला लावले. अर्ध्या वाटेवर तो पोचला तेव्हा दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांमधले अंतर बरोबर निम्मे झाले होते आणि त्याचे हात पसरले की उरलेली जागा आम्हा सगळ्यांना दिसत होती. त्यानंतर आप्पांनी खुंटी उपटून ती डावीकडे, उजवीकडे, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या, कोपऱ्यावर अशी हलवली आणि प्रत्येक ठिकाणी त्याला आपली जागा स्वतः शोधायला लावली. फार पुढे गेलास तर चेंडू डोक्यावरून जाईल, हेही त्यांनी चेंडू उचलून टाकून दाखवले. भूमितीच्या पुस्तकातले समरूप त्रिकोण आम्ही शाळेत शिकलो होतो, पण ते गोल वाचवतात हे त्या सकाळी कळले. झेप घेण्याचा सराव लांब उडीच्या खड्ड्यात, तापीच्या वाळूवर होई, कारण आमच्या मैदानाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कडक होई आणि पावसाळ्यात स्टडला चिकटून पाय उचलू देत नसे.

बचावफळीसाठी त्यांचा मंत्र एकच होता आणि तो ते अहिराणीतच सांगत, "बॉल नको देखू रे भो, मानूस देख." चेंडू कुठे आहे हे तर सगळेच पाहतात, आपल्या माणसाने चेंडूविना कुठे धाव घेतली हे जो पाहतो तो बचावपटू, असे त्यांचे म्हणणे असे. 1990पासून ऑफसाइडच्या, म्हणजे बचावपटूंच्या पलीकडे आधीच जाऊन थांबलेल्या आक्रमकाला रोखणाऱ्या, नियमात बदल झाला होता. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या समांतर रेषेत असलेला आक्रमक आता ऑफसाइड धरला जात नव्हता. आमच्यापैकी बहुतेकांच्या पायांना जुनीच सवय होती. समांतर उभे राहून हात वर करायचा आणि पंचांकडे पाहायचे. आप्पांनी ती सवय मोडून काढली. हात वर करणाऱ्याला ते सरावातून बाहेर बसवत, रागाने नव्हे, पण न चुकता.

आप्पांच्या कामाचा सर्वांत मोठा पुरावा मात्र परतपासच्या नियमाचा आहे आणि तो मला थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. 1990च्या इटलीतील विश्वचषकाचे सामने आम्ही दूरदर्शनवर पाहिले होते. 52 सामन्यांत 115 गोल, म्हणजे सामन्यामागे सरासरी 2.21, विश्वचषकात इतकी कमी सरासरी त्याआधी कधी नव्हती. आघाडी घेतलेला संघ चेंडू मागे गोलीकडे देई, गोली तो हातात घेई, पुन्हा बचावपटूला देई आणि वेळ काढला जाई. त्यावर उपाय म्हणून 1992च्या हंगामापासून नियम आला की, सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलीने हाताने धरायचा नाही; धरला तर प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल होत नाही, आधी दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श व्हावा लागतो अशी किक. रेल्वेचा पास असल्यामुळे आप्पा रजा काढून मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहायला जात आणि तिथल्या पंचांशी त्यांची ओळख होती. त्या ओळखीतून हा बदल त्यांना वेळेवर समजला. आमच्या भागातल्या अनेक संघांनी तो ऐकला होता, पण पायात मुरवला नव्हता.

आप्पांनी त्याचे दोन भाग केले. पहिला भाग आमच्या गोलीचा. संपूर्ण पावसाळाभर सरावाच्या सामन्यात बचावपटूंनी मुद्दाम त्याच्याकडे चेंडू मागे द्यायचा आणि त्याने तो पायानेच, शक्यतो पहिल्या स्पर्शात बाजूरेषेकडे काढायचा. दुसरा भाग असा की, समोरचा गोली चुकला आणि डीच्या आत अप्रत्यक्ष फ्री किक मिळाली, तर काय करायचे. गोलपासून इतक्या जवळ किक असली की समोरचा संपूर्ण संघ दोन खांबांच्या मध्ये गोलरेषेवर उभा राहू शकतो. त्यातच त्या काळी चेंडू आपल्या परिघाइतका, म्हणजे जेमतेम 70 सेंटीमीटर, सरकल्याशिवाय खेळात आला असे मानले जात नसे. नुसता तळवा टेकवून चालत नसे. आप्पांनी फक्कीने दीड हाताची रेघ ओढली आणि चेंडू तेवढाच, पण नक्की तेवढा, सरकवण्याचे काम माझ्याकडे दिले. मी राइट हाफ होतो. आमचा लेफ्ट बॅक जोरदार फटका मारणारा होता. चेंडू सरळ पुढे सरकवला तर धावत येणाऱ्या भिंतीच्या, म्हणजे रांगेत उभ्या बचावपटूंच्या, पायात जातो. म्हणून तो तिरका, किंचित मागच्या बाजूला सरकवायचा, आणि फटका उंच, आडव्या खांबाखाली मारायचा, कारण धावत निघालेल्या माणसांना उडी मारता येत नाही. हा सराव आम्ही सरावाच्या अखेरीस, थकल्यावर करत असू. सामन्यात ती वेळ थकल्यावरच येते, असे आप्पा सांगत.

अंतिम सामना धुळे जिल्ह्यातील एका बलाढ्य संघाशी होता. आदल्या दिवशी आमचा उपांत्य सामना संपल्यावर आम्ही सगळे सावलीत आडवे झालो होतो, आणि आप्पा दुसऱ्या उपांत्य सामन्याला गोलच्या मागे वही घेऊन उन्हात बसले होते. गोल किती झाले हे ते लिहीत नसत. कोणता खेळाडू कोणत्या पायावर वळतो, कॉर्नरच्या वेळी कोण मोकळा राहतो, दबावाखाली कोण मागे पाहतो, हे लिहीत. संध्याकाळी त्यांनी एवढेच सांगितले की, उद्याच्या संघाचा डावा बॅक अडचणीत आला की मान वळवतो आणि गोलीकडे चेंडू देतो; त्याच्यावर शेवटपर्यंत धावत राहा. दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरच्या उन्हात आमचा राइट आउट त्या बॅकच्या मागे पहिल्या मिनिटापासून धावत राहिला आणि उत्तरार्धात बरोबरी असताना ते घडले. बॅकने मान वळवली, चेंडू मागे दिला, गोलीने सवयीने तो कवटाळला आणि पंचांची शिट्टी वाजली. त्यांच्या खेळाडूंना काही क्षण काय झाले तेच उमगले नाही. गोलपासून आठ-नऊ मीटरवर चेंडू ठेवला गेला. समोर खांबापासून खांबापर्यंत माणसे उभी होती. पंचांनी हात वर धरला, मी तिरका दीड हात चेंडू सरकवला, भिंत सुटली आणि आमच्या लेफ्ट बॅकचा फटका आडव्या खांबाला खालून चाटून आत गेला. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी त्याचे नाव आले. आले ते उचितच होते. पण तो गोल त्या दिवशी झाला नव्हता, तो जुलै-ऑगस्टच्या चिखलात झाला होता.

आप्पा आणि क्रीडासंचालक सर यांच्यातील नाते मला आज अधिक समजते. दोघांची मते नेहमी जुळत असत असे नाही. सामना चालू असताना पाणी प्यायल्याने पोटात कळ येते, अशी सरांच्या पिढीची समजूत होती. आप्पांना खानदेशचे ऊन ठाऊक होते आणि शेडमध्ये उष्माघाताने कोसळलेली माणसे त्यांनी पाहिली होती. त्यांनी मुलांसमोर वाद घातला नाही. सरांना एकांतात भेटून परवानगी घेतली आणि मग मध्यंतराला लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी घोट घोट देणे सुरू झाले, सोबत यावलकडच्या मुलांनी आणलेली केळी असत. पाय मुरगळला की तेल लावून चोळण्याची आपल्याकडे घरोघर पद्धत. आप्पा पहिले दोन दिवस कोणाला हात लावू देत नसत. कापडात गुंडाळलेला बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंचावर. खेळाडू बदलण्याचा निर्णय सरांचा असे, आणि तो आप्पांना पटला नाही तरी बाहेर आलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याला सरांचीच बाजू समजावून सांगत. सहायकाने मुख्य प्रशिक्षकाचा शब्द राखायचा आणि तरीही आपल्याला कळलेले लपवायचे नाही, ही फार अवघड जबाबदारी आहे. पुढे नोकरीत मी अनेकांच्या हाताखाली काम केले, पण ती इतक्या सहजपणे पेललेली मला क्वचितच दिसली.

राखीव खेळाडूंविषयीही लिहिले पाहिजे. त्या वेळच्या नियमांप्रमाणे सामन्यात दोनच बदली खेळाडू घेता येत. उरलेली मुले हंगामभर येत, घाम गाळत आणि बाकावर बसून परत जात. मुख्य संघाचा सराव संपला की आप्पांचा दुसरा सराव या मुलांसाठी सुरू होई, आणि मला तर वाटते की त्यांचा खरा जीव त्यात होता. त्यांच्या वहीत त्या मुलांची स्वतंत्र पाने होती: कोणाचा डावा पाय सुधारला, कोण हेडच्या वेळी डोळे मिटतो, कोणाच्या घरी सध्या अडचण आहे. पुढच्या दोन वर्षांत संघाचा कणा झाले ते याच मुलांपैकी होते, आणि आम्ही उत्तीर्ण होऊन गेल्यावरही संघ कोसळला नाही त्याचे कारण हेच आहे.

आप्पा आता हयात नाहीत. त्यांच्या वह्या त्यांच्या कन्येने जपून ठेवल्या असून महाविद्यालयाने मागितल्यास त्या ग्रंथालयाला देण्याची तयारी त्यांनी मला बोलून दाखवली आहे. ग्रंथपालांनी त्या अवश्य स्वीकाराव्यात. पिवळ्या पडलेल्या पानांवर पेन्सिलीने काढलेल्या त्या आकृत्या आजच्या खेळाडूंनाही उपयोगी पडतील. आणखी एक गोष्ट व्यवस्थापनाच्या विचारार्थ मांडतो. दोरीच्या त्रिकोणात उभा राहिलेला आमचा गोली आज भुसावळातच आहे, वसाहतीतल्या मुलांना तो पहाटे शिकवतो आणि महाविद्यालयाच्या संघासाठी वेळ देण्यास तयार आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याला सहायक प्रशिक्षक म्हणून रीतसर नेमणूकपत्र द्यावे, योग्य ते मानधन ठरवावे आणि पुढील स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेसोबत संघाची जी यादी विद्यापीठाकडे जाईल तिच्यात त्या पदासमोर त्याचे नाव लिहावे, अशी माझी आणि त्या संघातील माझ्या सर्व सहकाऱ्यांची विनंती आहे.