लग्नपत्रिकांच्या पाठीवरच्या स्लाइड

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात चपला बाहेर काढून जावे लागे. २००३-०४ साली मी नववीत होते. कक्षात पाच संगणक होते आणि आमच्या तुकडीत बावन्न मुले, त्यामुळे एकेका संगणकाभोवती दहाजण कोंडाळे करून बसत. माऊस ज्याच्या हाती तो शिके आणि उरलेले त्याच्या चुका काढत. खंडेनवमीला मॉनिटरला झेंडूचा हार पडे, आणि हळदीकुंकू कळफलकाच्या फटींत जाऊ नये म्हणून सर स्वतः राखणीला उभे राहत.

सर मुळात गणिताचे. एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता, तो त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत पूर्ण केला आणि त्यातील पॉवरपॉइंट, म्हणजे पडद्यावर एकेक पान (स्लाइड) दाखवत विषय मांडण्याची प्रणाली, आम्हाला शिकवण्याचे काम स्वतःहून अंगावर घेतले. निमित्त होते तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे. विषय आम्हाला शोधावा लागला नाही. कोयनेच्या काठी वाढलेल्या मुलांना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आजीच्या तोंडून पाठ झालेला असतो, आणि धरण तर दाराशीच.

मात्र पहिले दोन आठवडे सरांनी संगणकाला हातच लावू दिला नाही. घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगून त्यांनी त्यांचे सारख्या मापाचे तुकडे कापून घेतले आणि कोऱ्या बाजूवर एकेक स्लाइड हाताने लिहायला लावली. मी पहिल्याच पत्रिकेवर धरणाची उंची १०३ मीटर, शिवसागर जलाशय, पोफळीचे वीजगृह, पाणी सह्याद्रीपलीकडे कोकणात कसे उतरते, असे सगळेच दाटीवाटीने भरले होते. सरांनी ती पत्रिका फरशीवर ठेवली आणि उभ्याने वाच म्हणाले. मला वाचता येईना. मग त्यांनी नियम सांगितला : उभ्याने वाचता आले नाही तर मजकूर कमी करायचा, बोलून सांगता येईल ते लिहायचेच नाही. माझ्या त्या एका पत्रिकेच्या चार झाल्या. पुढे सगळ्यांच्या पत्रिका फरशीवर ओळीने मांडून, कोणती आधी आणि कोणती नंतर यावर आम्ही दोन तास भांडलो. संगणकावर ‘स्लाइड सॉर्टर’ नावाचे दृश्य प्रथम उघडले तेव्हा कोणी चकित झाले नाही, कारण आमच्या दृष्टीने ती पत्रिका मांडलेली फरशीच होती.

संगणकाआधी अशी पाने पडद्यावर कशी दाखवत, हेही सरांनी तेव्हाच सांगितले. प्रयोगशाळेत धूळ खात पडलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर त्यांनी बाहेर काढला आणि पारदर्शक कागदावर शाईने लिहून भिंतीवर दाखवले. पॉवरपॉइंट १९८७ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी बाहेर आले, त्यामागे रॉबर्ट गॅस्किन्स यांची कल्पना होती आणि पहिल्या आवृत्तीचे मुख्य काम असेच पारदर्शक कागद छापण्यापुरते, तेही कृष्णधवल, होते, हे मी पुष्कळ नंतर वाचले. तेव्हा त्या धुळकट यंत्राची आठवण झाली.

प्रत्यक्ष संगणकावर आल्यावर गाडी भरधाव सुटली. कंट्रोल आणि एम दाबून नवी स्लाइड, एफ-५ ने सादरीकरण सुरू, एस्केपने बंद, एवढे एका तासात हाताखाली आले. प्रत्येक स्लाइडची पार्श्वभूमी आम्ही वेगवेगळी रंगवली, आणि सरांनी ‘स्लाइड मास्टर’ उघडून एका जागी केलेला बदल सगळीकडे कसा जातो ते दाखवले तेव्हा दोन दिवसांची मेहनत फुकट गेल्याचे कळले. अक्षरे उडत आणण्याचा नाद मात्र सुटेना. आमच्या गटातील एकाने प्रत्येक ओळीला गाडीने करकचून ब्रेक दाबल्याचा आवाज जोडला. सर रागावले नाहीत. त्यांनी ते सादरीकरण आठवीच्या वर्गाला दाखवले आणि शेवटी धरणाची उंची विचारली. एकालाही सांगता आली नाही. ब्रेकचा आवाज मात्र सगळा वर्ग मधल्या सुट्टीपर्यंत काढत होता.

सर्वांत जास्त वेळ आलेखाने खाल्ला. आलेख घातला की सोबत नमुन्याचा तक्ता उघडे आणि त्यात ईस्ट, वेस्ट, नॉर्थ अशी नावे आधीच भरलेली असत. आम्ही आकडे बदलले, नावे तशीच राहिली, आणि ईस्ट हे कोयनेच्या वीजप्रकल्पाच्या कोणत्या टप्प्याचे नाव, असे सरांनी शांतपणे विचारले. पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॅट, तिसरा ३२०, चौथा १०००, धरणपायथ्याचे वीजगृह ४०, एकूण १९६०. या शेवटच्या चाळिसाचा खांब इतका बुटका दिसे की आम्ही तो जरा वाढवावा असे सुचवले. “आधी धरणावर जाऊन तिथली जनित्रे वाढवून या,” एवढेच सर म्हणाले.

आणि हे सगळे भारनियमनाच्या वेळा सांभाळून! एवढी वीज उशाशी तयार होत असताना आमच्या कक्षातला यूपीएस किंचाळू लागे आणि पाच मिनिटांत पडदे काळे होत. कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय मला तिथेच जडली. आजही दर दोन ओळींनी बोटे आपोआप तिकडे जातात.

प्रदर्शनाच्या दिवशी फ्लॉपी दुसऱ्या शाळेच्या संगणकात घातली आणि पडद्यावर रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची खिचडी उमटली. आमचा मराठी फाँट त्या संगणकावर नव्हता, आणि फाँटची फाइल सोबत न्यावी लागते हे आमच्यापैकी कोणाच्या, सरांच्याही, ध्यानात आले नव्हते. युनिकोडमुळे, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरांना एकच संकेत देणाऱ्या पद्धतीमुळे, आजच्या मुलांना हा अनुभव सहसा येत नाही. चित्रे आणि आलेखाचे खांब शाबूत होते, आणि जुन्या फाँटमध्ये आकड्यांच्या जागा बहुधा त्याच असल्यामुळे १९६७ आणि १९६० हेही वाचता येत होते. परीक्षक थांबले होते. मागे उभ्या असलेल्या सरांनी फक्त एका अक्षराचे नाव घेतले, ‘बी’. सादरीकरण चालू असताना ते अक्षर दाबले की पडदा काळा होतो, हे त्यांनी शिकवले होते, पण त्याचा उपयोग काय हे आम्हाला उमगले नव्हते. मी बी दाबले, दप्तरातून पत्रिका काढल्या आणि त्यांच्या क्रमाने बोलत गेले. आलेखाची वेळ आली तेव्हा पुन्हा बी दाबून पडदा उजळवला, कोणता खांब कोणत्या टप्प्याचा ते बोटाने दाखवले, आणि बुटक्या खांबावर एका परीक्षकांनी प्रश्नही विचारला. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. परतीच्या एसटीत सरांनी स्वतःच्या वहीत “फाँट सोबत नेणे” असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्या तेरा पत्रिकांपैकी बारा माझ्याकडे आहेत आणि सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी त्या शाळेकडे देत आहे. आलेखाची तेवढी सापडली नाही. पाठीमागच्या बाजूला कोणाकोणाच्या लग्नाचे मुहूर्त आहेत. गावातल्या मंडळींनी स्वतःचा शोधून पाहावा.