बाळाला स्ट्रोलरमध्ये घेऊन किराणा आणायचाय? घाई नका करू, बोलत राहा

छोट्या बाळाला घेऊन सामान आणायला निघालं की जो तो एकच सल्ला देतो, पटकन जा आणि पटकन ये. मला हे अजिबात पटत नाही. बाळ झोपलेलं असेल किंवा अंगात ताप असेल तर ठीक आहे, पण एरवी दुकान ही लहान मुलासाठी इतकी भारी जागा असते की तिथून पळत सुटणं म्हणजे नुकसानच. घरात आपण बोलतो त्यातलं निम्मं समोर नसलेल्या गोष्टींबद्दल असतं, बिल भरायचं राहिलंय, उद्या कोण येणारे वगैरे, त्यातलं बाळाला काय कळणार. दुकानात जे बोलतो ते समोर असतं, लाल असतं, गार असतं, खरखरीत असतं, हातात घेता येतं. साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान मुलं आपण बघतोय तिकडे बघायला लागतात, स्वतः बोट दाखवायला लागतात, आणि बोट दाखवायला इतकं काही एका ठिकाणी दुसरीकडे कुठे मिळणार सांगा.

हे फक्त माझं मत नाहीये. अमेरिकेत 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, कॅथी हर्श-पासेक आणि रोबर्टा गोलिंकॉफ या त्यातल्या संशोधक, दोघी मुलांच्या भाषेवर काम करणाऱ्या. त्यांच्या टीमने सुपरमार्केटमध्ये साध्या पाट्या लावल्या, दूध कुठून येतं, तुझी आवडती भाजी कोणती, अशा धाटणीचे प्रश्न असलेल्या. बाकी काही नाही, ना क्लास, ना ॲप. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधल्या दुकानांत पाट्या असताना आईबाप आणि मुलं एकमेकांशी लक्षात येण्याइतकं जास्त बोलत होती, आणि पाट्या नसताना तेवढं नाही. मध्यम उत्पन्नाच्या वस्तीत मात्र फारसा फरक दिसला नाही. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की विषय समोर आला की माणसं मुलांशी बोलतात, आणि विषय तर शेल्फवर मांडूनच ठेवलेले असतात, आपण फक्त सुरुवात करायची.

आता यात स्ट्रोलरचा, म्हणजे बाळाला बसवून ढकलायच्या गाडीचा, संबंध कुठे येतो तर बाळाचं तोंड कुठल्या दिशेला आहे यात. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या आईबाप-मुलांच्या 2,700 हून जास्त जोड्यांच्या नोंदी घेतल्या, आणि बाळ ढकलणाऱ्याकडे तोंड करून बसलेलं असेल तर मोठी माणसं जवळपास दुप्पट बोलतात असं दिसलं. सोबत एक छोटा प्रयोग पण केला होता, 20 बाळांना अर्धा रस्ता एका दिशेने बसवून आणि अर्धा रस्ता दुसऱ्या दिशेने. समोरासमोर असताना त्यातली निम्मी बाळं हसली, पाठमोरी असताना फक्त एक. 20 म्हणजे फारच कमी, त्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये, पण जे रोज दिसतं त्याच्याशी हे जुळतं. म्हणून ज्यांची गाडी अजून घ्यायची आहे त्यांना मी हेच सांगते की कप होल्डर, पिशवी, रंग हे सगळं नंतर बघा, आधी सीट उलटी फिरते का ते बघा. आणि जिच्याकडे पुढे तोंड असलेलीच गाडी आहे तिने वाईट वाटून घेऊ नये, प्रत्येक रांगेत गाडी उभी करायची, ब्रेक लावायचा, पुढे येऊन उकिडवं बसायचं आणि दोन वाक्यं बोलून पुढे जायचं. बाळाच्या उंचीवर बसलं की आपल्यालाही कळतं की त्याला तिथून काय दिसतं, लोकांचे गुडघे आणि खालचे दोन कप्पे, म्हणजे एवढा वेळ ते बिचारं हेच बघत होतं.

काय बोलायचं हा प्रश्न खूप जणी विचारतात, विशेषतः पहिल्यांदा आई झालेल्या. काहीही बोला. "हे बघ बटाटे, माती लागलीये ना, एक, दोन, तीन, टाकले पिशवीत." "अरे फ्रीझरचं दार उघडलं, गार हवा आली का गालाला?" मोजणं, वजन, रंग, मोठं-छोटं, सगळं येतं त्यात आपोआप. महत्त्वाचं म्हणजे बोलून झालं की थांबायचं. बाळ हुंकार देईल, पाय हलवेल, बोट दाखवेल, ते त्याचं उत्तर आहे आणि आपण त्या उत्तराला उत्तर द्यायचं. सतत बडबड करण्यापेक्षा हे आलटून पालटून चालणारं बोलणं जास्त मोलाचं असतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला कामच द्यायचं, दोन लिंबं समोर धरून यातलं कुठलं घेऊ विचारायचं, त्याने निवडलं तेच घ्यायचं बरं का, नाहीतर विचारण्यात काय अर्थ. न फुटणारं एखादं पाकीट मांडीवर धरायला दिलं तर ते काउंटरपर्यंत जबाबदारीने सांभाळतं.

पण हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा आपले हात आणि डोकं मोकळं असतं, म्हणून सामानाचं गणित आधी नीट बसवायला लागतं. सगळ्यात पहिलं म्हणजे हँडलला पिशव्या लटकवायच्या नाहीत. हँडल मागच्या चाकांच्या मागे असतं, त्यामुळे तिथलं वजन गाडीला मागे ओढतं, बाळ बसलेलं असेपर्यंत त्याच्या वजनाने तोल कसाबसा राहतो आणि बाळाला उचललं की गाडी धाडकन मागे पडते, हलकी गाडी असेल तर बाळासकट पण पडू शकते. ओवेन मॅकलॅरेन नावाच्या विमान इंजिनिअरने 1965 मध्ये छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला माणूस तो, आणि त्याची गाडी तीन किलोच्याही आत होती. तो हलकेपणा म्हणजे आईबापांवर उपकारच आहेत, जिना चढताना कळतं, पण हलक्या गाडीला मागे लटकवलेलं सामान अजिबात झेपत नाही. जड वस्तू खालच्या टोपलीत ठेवायच्या, आणि त्या टोपलीलाही मर्यादा असते, ती गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते, ती एकदा वाचाच. बाकीचं पाठीवरच्या सॅकमध्ये. त्यातही मावत नसेल तर सामान जास्त झालंय असं समजायचं, जड सामान घरपोच मागवायचं किंवा बाळासोबत नसताना आणायचं. एकाच फेरीत महिन्याचं सगळं उरकायचा हट्ट सोडला की अर्धा ताण तिथेच जातो.

ट्रॉली आणि स्ट्रोलर दोन्ही एकटीने ढकलायच्या भानगडीत पडू नका, एक हात कशाला तरी कमी पडतोच. सोबत कोणी असेल तर एकाने ट्रॉली घ्यायची आणि एकाने बाळ. काही जण कारमधली बाळाची सीट उचलून थेट ट्रॉलीवर ठेवतात, ते मात्र कृपा करून करू नका, वजन वर गेलं की ट्रॉली उलटू शकते आणि सीट घसरूनही पडते, बालरोगतज्ज्ञ याबद्दल कितीतरी वर्षं सांगतायत. स्ट्रोलरचा पट्टा दुकानातही बांधलेलाच ठेवायचा, खांद्यावरचे दोन, कमरेचे दोन आणि पायांमधला एक. दोन मिनिटांसाठी कशाला असं वाटतं, पण शेल्फकडे झेपावायला मुलाला दोन सेकंद पुरतात.

वेळ म्हणाल तर झोप आणि पोट दोन्ही भरलेलं असताना निघायचं, बस. यादी दुकानातल्या रांगांप्रमाणे लिहायची, गार आणि फ्रोझन वस्तू सगळ्यात शेवटी घ्यायच्या. अशा वस्तू फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत आणि बाहेर 32 अंशांच्या वर ऊन असेल तर एक तास, आणि बाळासोबत रस्त्यात थांबायला लागतंच. उन्हात गाडीवर कोरडं पांघरूण टाकून ती चहूबाजूंनी झाकायची नाही, आत हवा कोंडते आणि बाहेरपेक्षा जास्त गरम होतं. गाडीची स्वतःची छत्री आणि सावलीतला रस्ता चांगला.

बिलाच्या रांगेत मुलं कंटाळतात, आणि नेमकं तिथेच त्यांच्या हाताच्या उंचीवर चॉकलेटं मांडलेली असतात, हे मला मनापासून खटकतं. तिथे खायला द्यायचं असेल तर गाडी थांबवून, मूल सरळ बसवून आणि आपलं लक्ष त्याच्या तोंडाकडे असतानाच द्यायचं. द्राक्षांसारखी छोटी गोल फळं अख्खी कधीच नाही, उभी चिरून चार फोडी करून. चालत्या गाडीत पाठमोऱ्या मुलाच्या घशात काही अडकलं तर आपल्याला कळतसुद्धा नाही. आणि मूल खूपच रडायला लागलं तर सामान तिथेच बाजूला ठेवून बाहेर जायचं, काउंटरवर सांगितलं तर बहुतेक लोक थोडा वेळ सांभाळून ठेवतात. मागचे लोक बघतात, बघू देत. अनोळखी कोणी गाल ओढायला आलं तर "हात नका लावू प्लीज" असं स्पष्ट म्हणायचं, बाळाच्या वतीने बोलणारं तिथे दुसरं कोणी नसतं.

घरी आल्यावर आधी बाळ बाहेर, मग सामान. चालणारं मूल असेल तर पिशवी जमिनीवर ठेवून त्याच्या हाताने एकेक वस्तू बाहेर काढू द्या, काच आणि अंडी तेवढी आधी उचलून घ्या. दुकानात ज्यांची नावं ऐकली त्या वस्तू पुन्हा हातात येतात, आणि बटाट्याला स्वतःहून "टाटा" म्हणणारं मूल बहुतेक तिथेच जमिनीवर बसलेलं सापडतं.