लांडग्याचं शेपूट आणि कपाटातली आजी

लहान मुलांना जुनी परीकथा गमतीची करून सांगायची असेल, तर मूळ गोष्ट त्यांना पाठ असावी लागते. नुसती माहीत असून भागत नाही. पुढे कोण येणार आणि काय बोलणार, हे आपण तोंड उघडण्याआधी त्यांच्या ओठांवर हवं. ज्या मुलाने सिंड्रेला ऐकलेलीच नाही, त्याला भोपळ्याऐवजी काकडीचा रथ झाला असं सांगितलं, तर ते शांतपणे मान डोलावतं. त्याच्यासाठी गोष्ट तशीच आहे! ज्याला भोपळा ठाऊक आहे, ते मात्र उसळून उठतं.

मी माझ्या भाचीला आणि तिच्या धाकट्या भावाला गोष्टी सांगते. ती पाच वर्षांची, तो सव्वातीन. दोघांची सगळ्यात जास्त मागणी लाल टोपीवालीला, म्हणजे लिटल रेड रायडिंग हूडला. आमच्या गोष्टीची सुरुवात अगदी नेहमीची: आई, टोपली, जंगल, लांडगा, आजीचं घर. त्यात मी काही हलवत नाही. फक्त लांडगा आजीला खाण्याऐवजी कपाटात कोंडतो, तिचा चष्मा चढवतो आणि पांघरूण ओढून झोपतो. तुझं हे एवढं मोठं का, या मुलीच्या नेहमीच्या प्रश्नांची चार उत्तरं त्याने घोकून ठेवलेली आहेत. कान, डोळे, हात आणि तोंड. लाल टोपीवाली येते, विचारायला लागते, आणि लांडगा एकेक उत्तर देत जातो. चौथं उत्तर झालं की उडी मारायची असं त्याने ठरवलेलं असतं. पण मुलगी थांबतच नाही.

"आजी, तुझ्या नाकावर केस कसे गं आले?"

"थंडी आहे ना बाळा, म्हणून."

"मग माझ्या नाकावर का नाही आले?"

"तू टोपी घातलीस ना."

"टोपी डोक्यावर असते. नाकावर कुठे असते? आणि आजी, पांघरुणातून हे काय बाहेर आलंय?"

"ती... ती नाडी आहे."

"एवढी जाड?"

"हिवाळ्यातली नाडी आहे."

"मग ती हलतेय का?"

इथे भाचा गादीवर उभा राहतो आणि ओरडतो, "शेपूट आहे! शेपूट आहे ते!" भाची तोवर पांघरुणाखाली शिरून कपाटातली आजी झालेली असते. लांडग्याच्या प्रत्येक उत्तरावर आतून आवाज येतो, "खोटं बोलतोय मेला!" हे वाक्य तिचं स्वतःचं. मी शिकवलेलं नाही.

शेवटी लांडगा प्रश्नांना इतका कावतो की खिडकीतून पळून जातो, आणि पळताना चष्मा परत द्यायचा राहतो. तो चष्मा परत मिळवायचा हा पुढच्या दिवसाचा विषय.

ही गोष्ट जमते, कारण त्यातली मुलगी मुलांसारखीच आहे. पाच वर्षांचं पोर दिवसभर हेच करतं, 'का' विचारतं आणि उत्तर मिळालं की त्यावर दुसरा 'का' ठेवतं. मोठ्यांना ज्याचा वैताग येतो, त्याच गोष्टीने इथे लांडगा हरतो. हे ऐकताना भाचीच्या चेहऱ्यावर जो अभिमान दिसतो, तो मला फार आवडतो.

दोघांच्या हसण्यातला फरकही बघण्यासारखा आहे. भाच्याला लाल टोपीवालीचा राग येतो. शेपूट समोर दिसतंय, हिला कळत कसं नाही? भाचीला तसं वाटत नाही. आपल्याला कळलंय आणि तिला अजून कळलेलं नाही, यातच तिला खरी मजा येते. १९८३ साली विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली होती. मॅक्सी कपाटात चॉकलेट ठेवून जातो, त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? बहुतेक तीन वर्षांची मुलं चॉकलेट आता जिथे आहे तीच जागा सांगत. मॅक्सीला ते माहीतच नाही, ही समज साधारण चार वर्षांनंतर येऊ लागते. म्हणून दोन्ही वयांची मुलं समोर असतील, तर धाकट्यासाठी शेपूट हवं आणि थोरल्यांसाठी थाप. दोन्ही ठेवली की कुणी कंटाळत नाही.

आजीला कपाटातून बोलायला लावलं, त्याला जुन्या गोष्टीतच आधार आहे. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये छापलेल्या गोष्टीत लांडगा आजीला खातो, मुलीलाही खातो आणि गोष्ट संपते. वाचवायला कुणी येत नाही. १८१२ च्या ग्रिम बंधूंच्या संग्रहात शिकारी येतो, लांडग्याचं पोट कापून दोघींना बाहेर काढतो. पण ग्रिमांनी त्याच गोष्टीच्या शेपटाला आणखी एक प्रसंग जोडलाय, तो सहसा कुणी सांगत नाही. पुढे एकदा दुसरा लांडगा येतो आणि आजीच्या छपरावर दबा धरून बसतो. आजी नातीला सांगते, काल सॉसेज उकडलेलं पाणी दारापुढच्या दगडी डोणीत ओत. वासाने लांडगा मान लांब लांब करत जातो, घसरतो आणि थेट डोणीत पडून बुडतो. शिकाऱ्याचा पत्ताच नाही. आजी आणि नात दोघीच सगळं निभावतात. इतकी हुशार आजी मूळ संग्रहात असताना आपण तिला वर्षानुवर्षं लांडग्याच्या पोटात का बसवून ठेवलंय, हे मला खरंच समजत नाही.

आणि माझं म्हणणं हेच आहे. गंमत बाहेरून आणावी लागत नाही, ती त्या जुन्या गोष्टीतच कुठेतरी दबलेली असते. सिंड्रेलाच्या हातात मोबाइल दिला, हिमगौरीला सेल्फी काढायला लावली, की पालक हसतात. मुलं पालकांकडे बघून हसतात. मला हे अजिबात पटत नाही. गोष्ट मुलाला सांगायची आणि डोळा मारायचा शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला, यात मुलाचा मान राहत नाही. बावळट, जाडा, कुरूप अशा पात्रांना चिडवून काढलेलं हसूही मला नको. ऐकणाऱ्यांतल्या कुणाला तरी ते शब्द शाळेत ऐकावे लागत असतात.

तीन अस्वलांच्या गोष्टीचंच बघा. ती १८३७ मध्ये रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने छापली, तेव्हा त्यात सोनेरी केसांची मुलगी नव्हती. अस्वलांच्या घरात शिरली होती एक आगाऊ म्हातारी. आई, बाबा, बाळ असंही काही नव्हतं. एक भलंमोठं, एक मधलं आणि एक छोटंसं अशी तीन अस्वलं एकत्र राहत होती. १८४९ च्या सुमारास जोसेफ कंडल या इंग्रज प्रकाशकाने म्हातारीच्या जागी छोटी मुलगी आणली. म्हाताऱ्यांच्या गोष्टी आधीच पुष्कळ आहेत, असं त्याचं म्हणणं. म्हणजे ज्याला आपण मूळ गोष्ट म्हणतो, तीसुद्धा कुणीतरी बदलून सांगितलेलीच. साउदीने आणखी एक झकास काम केलं होतं. तिन्ही अस्वलांचं बोलणं त्याने वेगवेगळ्या ठशांत छापलं, मोठ्याचं जाड आणि धाकट्याचं बारीक. झोपलेल्या म्हातारीला थोरल्याची गर्जना वाऱ्याच्या घोंघावण्यासारखी वाटते, मधल्याचं बोलणं स्वप्नातलं वाटतं, पण धाकट्याच्या किनऱ्या आवाजाने ती खाडकन उठते.

हे वाचल्यापासून आमच्या गोष्टीत मी आवाजांची अदलाबदल केली. थोरलं अस्वल चिमणीसारखं बोलतं, "माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं?" मधलं नाकातून बोलतं. आणि धाकटं अस्वल छप्पर हादरेल असं गरजतं. ती गर्जना भाच्याची. घरात तो सगळ्यात लहान, दिवसभर "हळू बोल, हळू बोल" ऐकणारा. या एका वाक्यासाठी तो सगळी गोष्ट छाती भरून वाट बघतो, आणि त्याची पाळी येते तेव्हा मी त्याला मुळीच अडवत नाही. बाकी शब्द तेच, क्रम तोच, आणि तिघांनी एकामागून एक विचारायचं तेही तसंच. ते मोडलं तर कुणाची पाळी कधी, हेच मुलांना कळणार नाही.

भीती मात्र सगळी काढून टाकायची नाही. लांडगा पहिल्यापासून गोंडस आणि गरीब असेल तर त्याच्या शेपटाला हसण्यात काय उरलं? दारावर टकटक होते तेव्हा मी आवाज खाली आणते, दोघं मला चिकटून बसतात, आणि मग नाडी निघते.

सध्या आम्ही सिंड्रेलात आहोत. रात्री बारानंतर सगळं पूर्ववत होतं, मग काचेचा बूट का राहिला, असं भाचीने विचारलं. याचं उत्तर पेरोच्या गोष्टीत मिळतं. रथ भोपळ्याचा होता, सहा घोडे उंदरांचे, मिशाळ गाडीवान घुशीचा आणि सहा नोकर सरड्यांचे. बूट मात्र परीने वेगळे दिले होते, कशाचे तरी बनवले नव्हते. त्यामुळे परत काही व्हायचा प्रश्नच नव्हता. भाचीला हे पटलं. पण मग तिचा पुढचा प्रश्न आला: भोपळा घरी कुणी नेला?

त्यावरच आमची गोष्ट चालू आहे. रस्त्यात मध्यरात्री सहा उंदीर उभे आहेत आणि त्यांना अजून खिंकाळायची सवय गेलेली नाही. घूस भोपळ्यावर बसून हुकूम सोडते आहे. भोपळा ढकलायचं काम भाच्याने उशी घेऊन अंगावर घेतलंय. सहाही सरडे राजवाड्याच्या भिंतीवर चढले ते खाली यायला तयार नाहीत. भाची म्हणते, त्यांना आता तिथेच नोकरी लागली आहे.