साडेआठ फुटांचा ट्रेलर आणि ग्लेशियरची वाट

वेस्ट यलोस्टोनहून मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्ककडे निघालो, तेव्हा आमच्या पिकअपमागे जोडलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरची, म्हणजे ओढून न्यायच्या फिरत्या घराची रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट होती. अमेरिकेत १९८२ च्या केंद्रीय कायद्याने इंटरस्टेटवर, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांवर, आणि मोठ्या ट्रकांसाठी ठरवून दिलेल्या महामार्गांवर व्यापारी वाहनांना एवढी रुंदी मान्य झाली आणि पुढे बहुतेक राज्यांनी सहलीच्या ट्रेलरलाही तीच कमाल मर्यादा लावली. काही राज्यांत लहान रस्त्यांवर मात्र ९६ इंचांचीच मुभा आहे. माझ्या मते, कायद्यात बसणारी रुंदी आणि रस्त्यावर निर्धास्तपणे नेता येणारी रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाट निवडताना दुसरीचाच विचार आधी करायला हवा.

हिशेब सोपा आहे. इंटरस्टेटची लेन बारा फुटांची असते, त्यामुळे ट्रेलर बरोबर मध्ये धरला तर दोन्ही बाजूंना एकवीस-एकवीस इंच, म्हणजे हातभर जागा उरते. लेन दहा फुटांवर आली की तीच जागा नऊ इंच, जेमतेम वीतभर राहते. त्यात पिकअपची रुंदी आरसे सोडून ऐंशी इंचांच्या आसपास असल्यामुळे ट्रेलर तिच्या दोन्ही बाजूंनी जवळजवळ फूटभर बाहेर डोकावतो. साध्या आरशांत त्या फूटभर भागापलीकडचे काहीच दिसत नाही, म्हणून बाहेर ओढता येणारे लांब आरसे आम्ही निघण्याआधीच बसवून घेतले होते. ट्रेलरच्या मागे वर एका ओळीत असणारे तीन लाल दिवेही रोज सकाळी तपासत होतो, कारण ऐंशी इंच किंवा त्याहून रुंद वाहन पुढे आहे हे अंधारात मागच्या चालकाला त्यांच्यावरूनच कळते.

गॅलटिन नदीच्या काठाने बोझमनकडे जाणारा यूएस १९१ हा रस्ता दुपदरी आणि वळणावळणांचा असून त्यावर मालट्रकांची वर्दळ सतत असते. ट्रेलरची चाके वळणाच्या आतल्या बाजूने जातात, म्हणून उजव्या वळणावर ती डांबराची कड सोडू पाहतात आणि डाव्या वळणावर मधल्या पिवळ्या रेषेकडे सरकतात. गाडी मी चालवत होतो आणि शेजारी बसलेली ताई उजव्या आरशात नजर लावून कडेचे अंतर सांगत होती. "वीतभर आहे, तसाच धर," हे तिचे शब्द मला त्या खोऱ्यातल्या कोणत्याही देखाव्याइतकेच स्पष्ट आठवतात. समोरून भरधाव मालट्रक आला की त्याच्यापुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते आणि तो निघून जाताच आत ओढते. अशा वेळी ट्रेलर डोलू नये यासाठी त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सांध्यावर, असावा लागतो, आणि तरीही तो डोलू लागलाच तर गाडीचा ब्रेक जोरात न दाबता ॲक्सिलरेटर सोडून केवळ ट्रेलरचे ब्रेक गाडीत बसूनच हाताच्या नियंत्रकाने लावायचे असतात. मागे गाड्यांची रांग लागली की जागा मिळेल तिथे आम्ही बाजूला थांबत होतो. अरुंद रस्त्यावर रुंद वाहन नेणाऱ्याने इतरांसाठी एवढे करायलाच हवे.

पुढे फ्लॅटहेड सरोवरापाशी पूर्वेकडचा मोंटाना ३५ हा अधिक अरुंद रस्ता सोडून आम्ही पश्चिमेच्या यूएस ९३ ने गेलो.

खरा प्रश्न ग्लेशियरमध्ये होता. १९३३ मध्ये खुला झालेला 'गोइंग-टू-द-सन रोड' हा तिथला सर्वांत प्रसिद्ध रस्ता, परंतु त्यावरच्या ॲव्हलांच आणि रायझिंग सन या दोन ठिकाणांच्या दरम्यान एकवीस फुटांहून लांब किंवा आरसे धरून आठ फुटांहून रुंद वाहनाला त्यावर परवानगी नाही. म्हणून ट्रेलर घेऊन आम्ही पार्कच्या दक्षिणेने यूएस २ धरला आणि ५,२१३ फुटांवरची मरायस खिंड ओलांडली. हा रस्ता ऐसपैस आहे आणि चढही बेताचा. ईस्ट ग्लेशियरहून मोंटाना ४९ हा जवळचा मार्ग निघतो खरा, पण त्याची तीव्र वळणे आमच्या ट्रेलरला सोयीची नव्हती, त्यामुळे ब्राउनिंगवरून वळसा घालून पार्कच्या पूर्व कडेचे सेंट मेरी गाठले.

ट्रेलर तिथे लावल्यावरही नुसती पिकअप वर नेता आली नाही. लांबी बसत होती, पण लांब आरसे धरून रुंदी आठ फुटांच्या पुढे जात होती. आम्ही पार्कच्या बसने ६,६४६ फुटांवरच्या लोगन खिंडीपर्यंत गेलो. खिडकीतून पाहताना त्या नियमाचे कारण उघड दिसत होते: एका बाजूला रस्त्यावर झुकलेला कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा, आणि मध्ये समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपुरतीच जागा.